लाल जागा कोरी

चौथीत असताना मी जोतिबाचा डोंगर निळा रंगवला होता.

चैत्र यात्रेचं चित्र काढायला बाईंनी सांगितलं होतं. आमच्या कोल्हापूरकडच्या पोरांना याहून सोपा विषय नाही. वाडी रत्नागिरीचं देऊळ, उंच सासनकाठ्या, खोबऱ्याची आणि गुलालाची उधळण, ‘जोतिबाच्या नावानं चांगभलं’चा गजर. चैत्र पौर्णिमेला पायऱ्या, शिखरं, माणसांच्या भुवया, सगळं एका रंगाचं होऊन जातं. तो रंग मी डोळ्यांसमोर आणला, पेटीत त्याच्या सगळ्यात जवळचा वाटलेला खडू उचलला आणि पान भरून टाकलं. बाईंनी वही उंच धरली. “गुलाल निळा असतोय होय रे?” वर्ग हसला. चूक कुठं झाली तेच मला कळेना, कारण चित्रातला गुलाल आणि माझ्या आठवणीतला गुलाल अगदी सारखे दिसत होते.

त्या रात्री ताईनं माझी बारा खडूंची पेटी पुढ्यात घेतली. ती माझ्याहून चार वर्षांनी मोठी. खडूंवरचे कागद फाटून गेले होते. तिनं प्रत्येक खडूला कागदाची नवी पट्टी चिकटवली आणि बॉलपेननं एकेक अक्षर लिहिलं. हि. ला. त. गु. पि. जां. “आता चुकणार नाहीस,” म्हणाली. आईला सांगितलं नाही, अण्णांना तर नाहीच. पुढं एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या चित्रकलेच्या दोन्ही परीक्षा मी त्या अक्षरांवर पास झालो. पान ‘हि’, विटा ‘ला’, खोड ‘त’. मी रंग वाचत होतो.

गेली काही वर्षं मी माझ्या लहानपणाचं चित्रमय आत्मकथन करत होतो. इंग्रजीत ज्याला ग्राफिक मेमॉयर म्हणतात, ते. ९६ पानं, दोन शाई. ते कसं झालं हे सांगायचं आहे, आणि सांगताना जास्त वेळ रंगांवर जाणार आहे, कारण माझा सगळा झगडा तिथंच होता.

डोळ्यांची गोष्ट मला एकविसाव्या वर्षी नीट कळली. एका सरकारी नोकरीच्या वैद्यकीय तपासणीत डॉक्टरांनी ठिपक्यांची पुस्तिका समोर धरली. शिनोबू इशिहारा या जपानी डॉक्टरांनी १९१७ साली प्रसिद्ध केलेली ही चाचणी आजही जगभर वापरतात. पहिल्या पानावरचा १२ सगळ्यांनाच दिसतो, मलाही दिसला. पुढच्या एका पानावर मी २१ वाचला. तिथं ७४ असतो. काही पानांवर मला फक्त ठिपके दिसत होते आणि डॉक्टर माझ्या तोंडाकडं बघत थांबले होते. नोकरी गेली. घरी येताना एसटीत मी चौथीतल्या त्या डोंगराचा विचार करत होतो.

माझ्यात लाल प्रकाश टिपणाऱ्या शंकूपेशींचं काम बिघडलेलं आहे. ‘रंगांध’ म्हटलं की लोकांना वाटतं सगळं काळंपांढरं दिसत असेल. तसं नाही. निळा आणि पिवळा मला लख्ख दिसतात. हिरवा, तपकिरी, शेंदरी हे एकमेकांत मिसळतात. लाल मात्र नुसता बदलत नाही, तो काळवंडतो. त्याचा जोरच जाणवत नाही. आणि गुलाबीतला लाल वजा झाला की खाली उरतो निळसरपणा.

या विषयावर अगदी सुरुवातीच्या काळात शास्त्रीय निबंध वाचला तो जॉन डाल्टननं, १७९४ साली मँचेस्टरमध्ये. अणुसिद्धांतवाला डाल्टन तोच. गुलाबी जिरेनियमचं फूल त्याला उन्हात आकाशी निळं दिसायचं आणि मेणबत्तीच्या उजेडात वेगळंच. हे वाचलं तेव्हा मी उठून उभा राहिलो होतो. दिवसाचा जोतिबा आणि रात्री बत्तीच्या उजेडातला जोतिबा मला कधीच एका रंगाचा दिसला नव्हता, आणि हे मी कुणाला सांगितलंही नव्हतं. आपल्या डोळ्यातलं पाणी निळं असावं असं डाल्टनला वाटायचं. मरणानंतर डोळे तपासा, असं त्यानं सांगून ठेवलं. १८४४ साली तपासले, तर पाणी स्वच्छ होतं. जपून ठेवलेल्या त्या डोळ्याचा डीएनए १९९५ साली तपासला गेला तेव्हा खरं कारण सापडलं. त्याच्यात हिरव्याची शंकूपेशी गेलेली होती, म्हणजे प्रकार माझ्याहून वेगळा. पण ते निळं फूल आम्हा दोघांचं आहे.

पुस्तकाची सुरुवात मी चुकीची केली. २०१९ साली पहिली चौदा पानं पूर्ण रंगात केली. आराखडा वहीत, मग पेन्सिल, मग ब्रशनं शाई, मग स्कॅन करून संगणकावर रंग. रंग मी आकड्यांनी भरायचो. अमुक टक्के मॅजेंटा, अमुक टक्के पिवळा. नंतर ताईला पानं पाठवायचो आणि ती दुरुस्त्या कळवायची. “मावशीचं लुगडं जांभळं झालंय.” “भिंत हिरवट आलीय.” मी बदलायचो. सगळे म्हणाले, सुंदर झालीयत. मला मात्र त्या पानांत माझं घर दिसेना. कुंकू लाल, चुडा हिरवा, गुलाल गुलाबी, सगळं बरोबर. पण ते दुसऱ्या कुणाचं तरी लहानपण होतं. माझं लहानपण मी पुन्हा एकदा अक्षरं वाचून रंगवत होतो.

तेव्हा मी इतरांनी काय केलंय ते बघायला बसलो. मार्जान सात्रापीचं ‘पर्सेपोलिस’ आधी वाचलं होतं, आता पानापानावर थांबून वाचलं. १९८० सालचं तेहरान, दहा वर्षांची मुलगी, शाळेत सक्तीचा झालेला हिजाब, आणि सगळं निव्वळ काळ्या-पांढऱ्यात. मधली राखाडीसुद्धा नाही. त्या काळ्याचा अर्थ पानागणिक बदलतो. कधी डोक्यावरचं कापड, कधी रात्र, कधी जमाव. मला त्याचं अप्रूप आणखी एका कारणानं होतं. जगातल्या प्रत्येक वाचकाला जे पान दिसतं, अगदी तेच मलाही दिसत होतं. चित्रांच्या पुस्तकात असं माझ्या बाबतीत क्वचित घडतं.

मग ॲलिसन बेक्डेलचं ‘फन होम’. त्यात काळ्या रेषेवर एकाच निळसर हिरव्या छटेचा हात फिरवलेला आहे. मी ते राखाडीच समजून वाचलं. आणि थी बुई (Thi Bui) या लेखिकेचं ‘द बेस्ट वी कुड डू’. व्हिएतनाममधून १९७८ साली निघालेल्या कुटुंबाची गोष्ट, पानांवर पाण्यासारखा पसरलेला एकच रंग. मला तो मातकट पिवळा वाटला. एका मित्राला विचारलं तर म्हणाला, “विटकरी आहे. गंजासारखा.” मी पुस्तक परत उघडलं. गंज मला दिसला नाही, पण गोष्ट मला आधीच लागली होती. नावेतली ती पोटुशी बाई, तो अंधार, काहीच कमी पडलं नव्हतं. म्हणजे रंगाचं नाव माहीत नसलं तरी रंग काम करतो. एकच रंग शेवटपर्यंत निष्ठेनं वापरला की वाचक त्याचा अर्थ पानांतून शिकत जातो, घरून आणलेला अर्थ बाजूला ठेवून.

आपल्याकडं हा घरून आणलेला अर्थ फार जड असतो. हिरवा म्हणजे चुडा, म्हणजे सवाष्ण, म्हणजे डोहाळजेवण. हळद लागली म्हणजे लग्न ठरलं. ‘रागानं लालबुंद’, ‘लाजून लाल’. मोठं होणं म्हणजे हे सगळं आपोआप अंगात मुरणं. माझ्यात ते मुरलं नाही. मी ते शब्दांतून पाठ केलं. वर्गातली एक मुलगी माझ्याशी बोलताना लाजायची, हे मला दहावीनंतर एका मित्रानं सांगितलं. “अरे, किती लाल व्हायची ती!” मला ती कायम सारखीच दिसली होती.

आणि अण्णा. अण्णांचा राग चेहऱ्यावर आधी यायचा, हातात नंतर. तो चेहरा लाल झाला की ताई उठून परसात जायची, धाकटा आईच्या पदराआड. मी तिथंच उभा. मला इशारा मिळायचाच नाही. घरातला सगळ्यात जास्त मार मी खाल्ला, आणि ‘हा कोडगा आहे, डोळ्यात डोळे घालून बघतो’ असं माझं नाव पडलं. मी डोळ्यांत बघत नव्हतो. मी त्यांच्या कानाजवळची शीर शोधत असायचो, कारण राग मला तिथं दिसतो हे मी शिकत होतो.

या एका आठवणीनं पुस्तकाचा रंग ठरवला. माझ्या लहानपणात लाल हा रंग नव्हताच. जिथं सगळ्यांना काहीतरी दिसतं आणि मला दिसत नाही, अशी ती जागा होती. मग ती जागा तशीच दाखवायची. पुस्तकात जिथं जिथं लाल असेल तिथं काहीही छापायचं नाही. कागद कोरा सोडायचा.

बाकी दोन शाई. निळी, कारण माझा जोतिबा निळा आहे. रेषाही त्याच गडद निळ्यात. आणि पिवळी, आजोबांसाठी.

आजोबा म्हणजे आईचे वडील. ते गुळवे होते. दिवाळीनंतर गुऱ्हाळं पेटली की आसपासच्या चार गावांत त्यांना मागणी असायची. रस काहिलीत उकळायला लागला की भेंडीचं पाणी टाकून मळी वर काढायची, चुना किती टाकायचा ते रस बघून ठरवायचं, आणि मग खरी परीक्षा, काहील उतरवायची कधी. साधारण ११८ अंशांचा तो क्षण. थोडं आधी उतरली तर गूळ लिबलिबीत, जरा उशीर झाला तर करपट आणि काळा. दुसरे गुळवे पाकाचा रंग बघायचे. आजोबा पाकाचा थेंब पाण्यात सोडून बोटांत गोळी वळायचे, ती काहिलीच्या कडेवर मारून आवाज ऐकायचे, आणि वास घ्यायचे. “रंग काय बघायचा, रंग फसवतोय,” असं म्हणायचे.

पुस्तकासाठी आईला प्रश्न विचारत होतो तेव्हा हे वाक्य निघालं. मी विचारलं, बाजारात मिरच्या कोण घ्यायचं? “आईच घ्यायची. आबांना पिकलेली आन् कच्ची कळायची न्हाई. टोमॅटो तर दाबूनच बघायचे.” आणि ती बोलता बोलता थांबली. तिच्याही तेव्हाच लक्षात आलं. हा दोष क्ष गुणसूत्रावरून येतो. मुलाला ते गुणसूत्र आईकडूनच मिळतं आणि मुलीला बापाकडचं एक मिळतंच. आजोबांचं ते गुणसूत्र आईकडं आलं, तिला स्वतःला सगळे रंग नीट दिसत राहिले, आणि पुढं धाकट्याला चुकवून ते माझ्याकडं आलं. आजोबांना शेवटपर्यंत कळलं नाही की त्यांच्या डोळ्यांत काही वेगळं आहे. ते फक्त आवाज आणि वास यांवर इतरांपेक्षा जास्त भरवसा ठेवत राहिले. गुळाचा पिवळा मात्र त्यांना दिसत असणार, जसा मला दिसतो. वाफ्यात ओतलेल्या गरम पाकाचा तो पिवळा आमच्या दोघांच्याही डोळ्यांत पुरा उतरलेला रंग आहे.

पहिल्या प्रकरणात रंग नाहीच. निळी रेषा आणि वस्तूंवर ताईची अक्षरं. पानावर ‘हि’, कौलावर ‘ला’, म्हशीवर ‘का’. शाळा, मार, चित्रकलेच्या परीक्षा अशी गोष्ट पुढं सरकते तशी अक्षरं कमी होत जातात आणि निळ्या-पिवळ्याचे ठिपके येतात. ठिपक्यांची घनता मी तीनच ठेवली, १०, ३० आणि ६० टक्के. त्याहून बारीक भेद साध्या कागदावर टिकत नाहीत, आणि मलाही ते हाताळता येत नाहीत.

अडचण आली ती कुंकवाची. कपाळ कोऱ्या कागदाचं आणि कुंकूही कोरं, मग दिसणार कसं? म्हणून सगळ्या माणसांच्या कातडीवर १० टक्के पिवळा पसरावा लागला. आता आईच्या कपाळावर कोरा गोल स्पष्ट दिसायला लागला. त्यातून शेवटचं प्रकरण आपोआप सुटलं. अण्णा २०१६ साली गेले. त्या दिवशी भावकीतल्या बायकांनी आईचं कुंकू पुसलं. त्या पानावर मी वेगळं काहीच काढलं नाही. पिवळे ठिपके एका भुवईपासून दुसऱ्या भुवईपर्यंत न थांबता जातात, एवढंच. ते पान टेबलावर असतानाच, मे २०२२ मध्ये, आमच्याच जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावानं ठराव केला की नवरा गेला म्हणून बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत. आईनं ती बातमी मोठ्यानं वाचून दाखवली, आणि मग वर्तमानपत्र घडी करून बराच वेळ मांडीवर ठेवलं. आता ती बारीक टिकली लावते. टिकलीचा रंग मी तिला विचारलेला नाही.

छपाईचं थोडक्यात सांगतो. सोळा पानांचा एक फर्मा, असे सहा. एकरंगी ऑफसेटवर प्रत्येक बाजू दोनदा चालवायची, म्हणजे एकूण चोवीस प्लेटा. रजिस्टर, म्हणजे दोन शाईंची एकमेकींवरची जुळवणी, सुटलं की पिवळा रेषेबाहेर सांडतो, आणि पहिल्या फर्म्यात तो सांडलाच. मशीनमन काकांनी ते ताव बाजूला काढून पुन्हा जुळवणी केली. तीनशे प्रतींसाठी त्यांनी जेवढा जीव लावला तेवढा मी कधी विसरणार नाही. तिसऱ्या फर्म्याला त्यांनी मला हाक मारली. “तुम्ही तर दोनच रंग म्हणाला होता. हा हिरवा कुठनं आला?” उसाच्या फडावर निळा आणि पिवळा एकावर एक पडले होते. मी वाकून बघितलं. मला तिथं मळकट राखाडी दिसत होता. “चांगला आलाय का?” मी विचारलं. त्यांनी ताव उजेडाकडं धरला आणि म्हणाले, “कोवळ्या उसासारखा.” मी म्हटलं, राहू द्या. आजोबांच्या फडाला तो हिरवा शोभत असेल.

पुस्तकातलं २३वं पान मी सगळ्यात जास्त वेळा काढलंय. मी सात वर्षांचा, आजोबांच्या गुऱ्हाळावर, दिवेलागणीची वेळ. चुलवणाच्या तोंडाशी राख ओढून ठेवलेली आहे आणि पलीकडं लाकडी वाफ्यात नुकताच ओतलेला गूळ. मला काकवी हवी होती. मी राखेच्या बाजूनं वाफ्याकडं निघालो आणि अण्णांनी मागून येऊन दंडाला धरून ओढलं. दोन मुस्काटात. ताई भिंतीला चिकटून उभी. काकवी मागितली म्हणून एवढं मारतात, हे मला वर्षानुवर्षं सलत होतं. पानावर मी राखेचा ढीग ३० टक्के निळ्या ठिपक्यांत काढला. अण्णांचा सगळा चेहरा कोरा सोडला, नाक-डोळ्यांच्या रेषा तेवढ्या. पुस्तकातली ती सगळ्यात मोठी कोरी जागा आहे.

पहिली प्रत ताईला दिली. ती पुण्याला असते. महिन्याभरानं तिच्याकडं गेलो तेव्हा पुस्तक टीपॉयवर होतं. चाळायला लागलो तर कोऱ्या जागांत बॉलपेननं बारीक अक्षर. आईच्या कपाळावर ‘ला’. शाळेच्या कौलांवर ‘ला’. मोहरमच्या पंजाच्या कापडावर ‘ला’. तिनं अख्खं पुस्तक तसं भरून काढलं होतं.

२३व्या पानावर अण्णांच्या चेहऱ्यात काहीच लिहिलेलं नव्हतं. ‘ला’ होतं ते खाली, राखेच्या ढिगावर, माझ्या निळ्या ठिपक्यांवर.

“इथं चुकलीस,” मी म्हटलं. “ही राख आहे.”

ताई स्वयंपाकघरातून हात पुसत आली. “राख कुठली? इंगळ होते ते. नुकतेच ओढलेले, लालभडक. तू अनवाणी त्यांच्यातच पाय घालायला निघाला होतास.”

“आणि अण्णा?”

“पांढरेफटक पडले होते रे. तुला मारून झाल्यावर चुलवणामागं जाऊन बसले. हात थरथरत होते त्यांचे. मी त्यांना तसं त्याआधी कधी बघितलं नव्हतं.”

दुसऱ्या आवृत्तीसाठी त्या फर्म्याची निळी प्लेट नवी काढली आहे. ढिगाचे ठिपके पुसले. अण्णांचा चेहरा होता तसाच आहे.